मांडीवरचा ठेका

"वा!"

शब्द तोंडातून निसटला आणि शाळेच्या हॉलमधल्या झाडून सगळ्या माना पद्माकरकडे वळल्या. स्टेजवर व्हायोलिन घेऊन बसलेली त्याची लेक मंजिरी कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली.

घरी जाताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत राहिली. लीड्सच्या त्या ओल्या रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं, तरीही.

"बाबा, इथे मधेच 'वा' नाही म्हणत. आणि तुमचा हात! होल टाइम मांडीवर थप-थप. एमिलीची मम्मी बघत होती."

"अगं, आवडलं तर दाद द्यायची नाही?"

"शेवटी. ओन्ली शेवटी. मार्चमध्ये माझा सोलो आहे. तोपर्यंत शिकलात तर या. नाहीतर प्लीज, नका येऊ."

पद्माकरला ते फार लागलं. मिरजेत वाढलेला माणूस तो. तिथे गाण्याच्या बैठकीत समेवर मान हलली नाही, तर शेजारचा विचारायचा, बरं नाही का आज? आणि पोटची पोर सांगते, नका येऊ!

पण खरं सांगायचं तर रागाच्या आड कुतूहलही होतं. ही माणसं पुतळ्यासारखी बसून ऐकतात तरी काय? त्याने टाउन हॉलमधल्या कॉन्सर्टचं सबंध सीझनचं तिकीट काढलं. एकट्याचंच. बायको म्हणाली, "मला इथे घरातच छान झोप लागते. तुम्ही जा."

पहिल्याच दिवशी फजिती झाली. वाद्यं थांबली, पद्माकरने मनापासून टाळ्या वाजवल्या, आणि त्या उंच छताखाली त्याच्या एकट्याच्याच टाळ्या घुमल्या. संगीत संपलं नव्हतं, नुसता एक भाग संपला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं बिचाऱ्याला.

मध्यंतरात मागच्या रांगेत तिरकी बसलेली एक उंच, सडपातळ म्हातारी उठून त्याच्याकडे आली. मिसेस हार्टली.

"कंडक्टर वळून आपल्याला तोंड दाखवेपर्यंत टाळी नाही," ती म्हणाली. "तेवढं सांभाळलं की झालं."

पद्माकरने माफी मागितली. ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. त्याचं त्याला नवल नव्हतं. इतकी वर्षं या देशात काढून, हॉस्पिटलात नोकरी करूनही, त्याचं इंग्रजी मिरजेचंच राहिलं होतं.

पुढच्या वेळी बघतो तर बाई थेट शेजारच्या खुर्चीत! "जागा बदलून घेतली," म्हणाली. आपल्याला शिस्त लावायलाच आली असणार, पद्माकरने ओळखलं.

पण तिने शिकवलं मात्र झकास. व्हायोलिनवाल्यांचे गज बघा, सगळे एकदम टोकाशी आले की काहीतरी मोठं येतंय. ढोलवाला उभा राहिला की सावध. बासरीवाली श्वास घेते तो बघा. पद्माकर बघू लागला, आणि काय गंमत, बघता बघता ऐकूही येऊ लागलं! आधी नुसता एकच कल्ला वाटायचा. आता त्यात एक वाद्य काही विचारतंय, दुसरं उत्तर देतंय, हे कळायला लागलं. घरी येऊन तो हे सगळं मंजिरीला सांगायचा. ती "हं" म्हणायची, पण पुस्तक बाजूला ठेवून म्हणायची.

एकच अडचण होती, हात. उजवा हात मांडीवर ठेका धरायचाच. सूर चढला की बोटंही हवेत चढायची, सूर उतरला की अलगद उतरायची. आणि दर वेळी मिसेस हार्टलीची नजर नेमकी तिथेच. एकदा वाजवणं चालू असताना तो ओशाळून तिच्या कानाशी "सॉरी" पुटपुटला. बाई ढिम्म! मागे कुणाची तरी काठी धाडकन पडली. अर्धी रांग दचकली. हिची मानसुद्धा हलली नाही.

काय ती एकाग्रता, पद्माकर मनात म्हणाला. ऐकावं तर असं!

मग त्याने घरी सराव सुरू केला. रेडिओ लावायचा आणि हातावर बसायचं. "मुंग्या येतील," बायको म्हणायची. मुंग्या यायच्याच. घरी जमायचंही, पण हॉलमध्ये गेलं की हात पुन्हा सुटायचा.

मंजिरीच्या सोलोबद्दल त्याने मिसेस हार्टलीला सांगितलं, तेव्हा ती एकदम म्हणाली, "मी येऊ? मला तिला ऐकायचंय. पण तुमच्या शेजारी जागा मिळेल ना?"

"मिळेल की!" पद्माकर खूश झाला. परीक्षेला मास्तरीण जातीने हजर.

त्या दिवशी ती ठेवणीतली हॅट घालून आली. मंजिरी उभी राहिली, तिने गज उचलला, आणि पद्माकरने उजवा हात मांडीखाली दाबला. काय वाजवलं पोरीने! 'वा' जिभेवर आला. त्याने तो गिळला. मिसेस हार्टली सारखी त्याच्या मांडीकडे बघत होती. एकदा तर तिने त्याच्या गुडघ्याला हलकेच बोट लावलं. काळजी नको, अशी त्याने मान हलवली आणि हात आणखी घट्ट दाबला.

कंडक्टर वळला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मंजिरी धावत आली आणि गळ्यातच पडली. "बाबा, यू वेअर परफेक्ट! हात पण नाही हलला!"

पद्माकरचे डोळे भरून आले. तो अभिमानाने शेजारी वळला. मिसेस हार्टलीचेही डोळे ओले होते.

"कसं वाजवलं हो तिने?" तिने विचारलं.

"म्हणजे?" पद्माकर हसला. "तुम्ही इथेच तर बसला होतात."

मिसेस हार्टलीने त्याचा बधिर झालेला उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मी कित्येक वर्षं ठार बहिरी आहे," ती म्हणाली. "या सीझनचं सगळं संगीत मी या हातावरून ऐकलं."