ओळ सोडायची नाही

अब्बांचा सगळा जन्म दर्ग्यात कव्वाली गाण्यात गेला, पण स्टुडिओत ते आज पहिल्यांदाच आले होते. "समोर माणूस नाही, मी काय या काचेला गाऊन दाखवू?" अशी सकाळपासून कुरकुर चालली होती. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट एकटाच, मान खाली घालून बटणांशी खेळत बसलेला.

गाणं सुरू झालं. 'दार तुझं, दस्तकही तुझीच' या ओळीला रेकॉर्डिस्ट ताडकन उठला आणि दोन्ही हात हवेत हलवू लागला. अब्बांचे डोळे लकाकले. ऐकणाऱ्याला एखादी ओळ लागली, की तो भानावर येईपर्यंत ती सोडायची नाही, हा आम्हा कव्वालांचा नियम. अब्बांनी ओळ धरली ती धरलीच. तो हात हलवतोय, अब्बा वर चढताहेत, आणि टाळ्या देऊन देऊन आम्हा भावांचे तळवे लालबुंद. अब्बांचा आवाज असा लागलेला मी तरी कधी ऐकला नव्हता.

शेवटी रेकॉर्डिस्ट मटकन खाली बसला, तेव्हा कुठे अब्बा थांबले. तो बाहेर आला तो चेहरा पाडूनच.

"चाचा, मशीन सुरूच झालं नव्हतं. थांबा म्हणून हात हलवत होतो."

अब्बा शांतपणे म्हणाले, "मग दार उघडून आत यायचं ना."

"येणारच होतो," बाहीने डोळे पुसत तो म्हणाला, "पण हात कशासाठी हलवतोय, तेच विसरलो."