काचेच्या वाळूचा ठोकळा

नदीचं पात्र खरवडायला नको, म्हणून प्रयोगशाळेतल्या ताईंनी पाडलेल्या घरांच्या खिडक्यांची काच दळून, वाळूऐवजी काँक्रीटमध्ये घातली होती. किती घरांची उन्हं प्यायलेली ती काच! आज तिचा ठोकळा दाबाखाली टिकला तर नदी वाचणार होती. नाहीतर उद्यापासून पुन्हा वाळूचा उपसा.

ठोकळा यंत्रात ठेवताच त्याच्या आतून टकटक ऐकू आली. बाहेरून कुणी बोटानं तावदान वाजवावं, तशी हलकी.

"ताई, दुसरा घ्या," यंत्रावरचे काका मागे सरकले.

"दुसऱ्यातही तेच वाजतंय, काका. तुम्ही दाब वाढवा."

"तुमच्यापुढे भूतसुद्धा हात टेकेल!" पुटपुटत काकांनी कळ दाबली.

काटा चढू लागला. टकटक घाईची झाली, मग तळव्यांची थपथप. ताईंची नजर काट्यावरून ढळली नाही. हवी ती खूण काट्यानं ओलांडली, तरी ठोकळ्याला साधा तडा नव्हता.

"जिंकलात! थांबवू आता?"

"नाही. फुटेपर्यंत न्यायचा, तेव्हाच चाचणी पुरी."

थपथप एकदम थांबली. ताई कान देऊन वाकल्या, आणि आतून कुणीतरी अलगद खिडकीची कडी काढली.