जातो म्हणू नये

"अहो, चहा झालाय," द्वारकाने आतून हाक मारली.

"वॉय," पुस्तकातून डोकं न काढता सहदेव म्हणाला. पुढच्या आठवड्यात तो मेक्सिकोच्या एका कापडगिरणीत फिटर म्हणून जाणार होता, आणि इंग्रजी पुस्तकावरून स्पॅनिश घोकत होता.

"वॉय म्हणजे काय?"

"जातो."

"मी बोलावतेय, आणि तुम्ही जातो म्हणता? घरात असं बोलू नये हो."

"अगं, त्या लोकांचं उलटं आहे. हाक मारली की आपण 'आलो' म्हणतो, ते 'जातो' म्हणतात."

"मग खरंच जाणारा काय म्हणतो?"

सहदेवने पान उलटलं. "'मे वॉय.' आधी एक 'मे' लावला, की माणूस निघून चालला."

त्यानंतर चहा झाला की द्वारका मुद्दाम दोनदा हाक मारायची. नुसतं 'वॉय' ऐकलं की तिला बरं वाटायचं.

निघायच्या दिवशी तिने त्याच्या हातावर दही घातलं. तो 'येतो' म्हणणार, तोच ती म्हणाली, "ते नको. आमचा दादा 'येतो' म्हणूनच आफ्रिकेला गेलेला, तो परत आलाच नाही. तुम्ही तिकडचं म्हणा."

सहदेव हसला. कल्याण स्टेशनला जाणारा टांगा दारात उभाच होता. तो चढला, घोडा हलला, घुंगरं वाजली आणि त्याच वेळी तो म्हणाला.

'वॉय' तिला स्पष्ट ऐकू आलं. त्याच्या आधी काही होतं का, ते मात्र घुंगरांत गेलं.