मुतालेचं घड्याळ

"जखमी जनावर मागे टाकून परतायचं नाही, कासोन्दे." मुतालेदादा नेहमी सांगे. गेल्या वर्षी शिकारीला आलेल्या पाहुण्या ब्वानाने, म्हणजे साहेबाने, रानरेड्याला नुसतं जखमी करून तंबू गाठला. माग काढत दादा एकटाच झुडपात गेला आणि रेड्याच्या शिंगांनी मेला; रेडा निसटला. "तुझी शिकार त्या ब्वानाकडूनच पुरी करवीन," म्हणत कासोन्देने त्याला घड्याळासकट पुरलं.

यंदा ब्वाना परत आला. घड्याळांची पेटी उघडून म्हणाला, "शिकारीला कुठलं शोभेल रे?"

कासोन्देच्या मस्तकात तिडीक गेली. तेवढ्यात त्याला पेटीत दादाचं घड्याळ दिसलं. पट्ट्याला ओली माती होती, आणि ते चालू होतं.

"हे माझं नव्हे," ब्वाना पुटपुटला.

"हेच घाला. चकाकत नाही."

कासोन्देने त्याच्या मनगटावर पट्टा आवळला. पट्टा अंगासारखा ऊन होता.

"चला ब्वाना, गेल्या वर्षीचा रेडा राहिलाय," तो हळूच म्हणाला आणि झुडपाकडे चालू लागला.