डब्यांचा रकाना

तक्त्यात सोनकरवाडीच्या गाडीपुढं कृष्णातनं आकडा लिहिला: नऊ. चव्वेचाळीस आसनांची गाडी आणि उतारू नऊ! एकोणीस लिहिलं असतं तरी कोण मोजायला येणार होतं? पण कृष्णात त्यातला नव्हता.

चौऱ्याहत्तर साल होतं ते. साताऱ्यात एस.टी.च्या डेपोला हंबीरराव साहेब नवे मॅनेजर आले होते. फौजेतला माणूस. आल्या आल्या त्यांनी प्रत्येक फेरीचा तक्ता सुरू केला. कुठली गाडी ठेवायची आणि कुठली बंद करायची, हे आता पुढाऱ्यांच्या चिठ्ठीऐवजी तक्त्यावर ठरणार होतं. चांगलंच होतं की! तक्ता भरायचं काम कृष्णात कारकुनाकडं. आणि सोनकरवाडी नेमकी त्याचीच. कोरेगावच्या पुढं, माळावर. गाडी रात्री तिथं मुक्कामाला जायची आणि सकाळी साताऱ्याला परत यायची.

साहेबांनी तक्ता वाचला. म्हणाले, "नऊ? एक तारखेपासनं बंद."

कृष्णातनं त्या ओळीवर काट मारली.

दोन तारखेला दुपारी साहेब त्याच्या टेबलाशी थांबले. कृष्णात चिरमुरे खात बसला होता.

"तुझा डबा कुठाय रं?"

"गाडी बंद झाली, साहेब."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याची आई बनुबाई गावी एकटीच राहायची. म्हशीला सोडून शहरात यायला तयार नव्हती. रोज पहाटे भाकरी थापायची आणि डबा कंडक्टर हरिबाच्या हवाली करायची. तिच्यासारख्या गावात आणखी सव्वीस जणी. कुणाचा लेक साताऱ्यात शिकायला, कुणाचा नोकरीला. हरिबा सगळे डबे सांभाळून आणायचा आणि रिकामे परत न्यायचा. डब्याला तिकीट नाही, म्हणून तक्त्यात डबा नाही.

"मग गप का बसलास, शहाण्या?"

"तक्त्यात रकाना न्हवता, साहेब."

साहेबांनी पट्टी मागवली. तक्त्यावर लाल पेन्सिलीनं उभी रेघ मारली आणि वर लिहिलं: डबे.

"हे बघ, महिन्याच्या शेवटच्या दिवशी डबे मोजायचे. पंचवीस भरले तर गाडी चालंल. एक जरी कमी पडला तरी बंद. मग माझ्याकडं रडत यायचं न्हाई."

सोमवारी गाडी सुरू झाली. हरिबानं पंचविसाची गोष्ट गावभर केली.

दोन वर्षं कृष्णात रोज सकाळी स्टँडवर आपला डबा घ्यायला जायचा आणि सवयीनं सगळेच मोजायचा. काय वास सुटायचा तिथं, आहाहा! भाकरीचा, खरड्याचा, कुणाच्या पिठल्याचा. त्या वेळची माणसं आजही भेटली की आधी त्या वासाचीच गोष्ट काढतात. बनुबाईचा डबा लांबूनही ओळखू यायचा. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण बाजारात कासाराकडं बसून तिनं झाकणावर लेकाचं नाव ठळक ठोकून घेतलं होतं.

हळूहळू शिकलेली पोरं पुण्यामुंबईला गेली. डबे घटले. शेवटी बरोबर पंचवीस राहिले, कृष्णातचा धरून.

आणि त्या पौषात बनुबाई गेली.

तेरावा उरकला. घराची किल्ली शेजारच्या शालूबाईकडं देऊन कृष्णात संध्याकाळीच मामाच्या बैलगाडीतून निघाला. दुसऱ्या दिवशी महिनाअखेर होती. स्टँडकडं जायला त्याचं पाऊल उचलेना. तो सरळ ऑफिसात आला. आई गेली ती गेली, आता तिच्यामागं चोवीस जणांचा घासही जाणार होता. फार वाईट वाटत होतं त्याला. पंचवीस लिहावं असं एकदा मनात आलं. हात धजला नाही. त्यानं लिहिलं: चोवीस.

साहेबांनी आकडा बघितला. मग त्याच्या भादरलेल्या डोक्याकडं बघितलं.

"मोजलंस?"

"मोजायचं काय त्यात, साहेब? आमचाच एक गेला."

"आजवर कवा न मोजता लिहिलंस का? जा. मोजून ये."

गाडी नुकतीच लागली होती. हरिबा एकेक डबा खाली देत होता आणि जो तो आपला उचलून निघून जात होता. कृष्णातनं मोजले. चोवीस झाले. सगळे गेले. पायरीवर एक डबा तसाच राहिला. झाकणावर नाव होतं: कृष्णात.



"उचल की गड्या," हरिबा म्हणाला. "आज शालूबाईची पाळी हाय. उद्या हरणाबाईची."