सगळ्यात ताजा मासा

सहलीच्या शेवटच्या दिवशी घाऊक मासळी बाजार बघायचाच, असं तिच्या नवऱ्याने ठरवलं आणि तिथे येऊन तो बरोबर सगळ्यांच्या वाटेत उभा राहिला. लिलाव ऐन रंगात आलेला, बर्फाच्या हातगाड्या अंगावर येतायत, हमाल "सरका, सरका" म्हणून बोंबलतायत, आणि हा आपला बायकोला ताजी मासळी कशी ओळखायची ते शिकवतोय. शेवटी गमबूट घातलेली एक व्यापारीण आली आणि गोड बोलून दोघांना लांबच्या कोपऱ्यात घेऊन गेली. तिथे बर्फावर माणसाएवढा मासा ठेवला होता.

"डोळे बघ, डोळे!" नवरा हात न लावताच म्हणाला. "आज पहाटेचा माल आहे. मला विचार!" मग छाती काढून तो माशाशेजारी उभा राहिला. "अगं, काढ ना फोटो. आता या बाजूने."

फोटो काढून झाल्यावर तिने सहज माशाला बोट लावलं. मासा रबराचा होता.

व्यापारिणीने तिला हळूच बाजूला घेतलं. "ताई, साहेबांना सांगू नका हं. असे लोक लिलावात मध्ये मध्ये कडमडतात, म्हणून हा त्यांच्यासाठी ठेवलाय. ते खूश, आम्ही कामाला मोकळे."

"छे, मी कशाला सांगू?" ती म्हणाली. "म्हणून तर घरी मी ह्यांना कर्ता पुरुष करून ठेवलंय."