कॉलरखालचे फोड

“उंबरठा ओलांडायचा नाही!” माई दारात ठाण मांडून बसल्या होत्या. “घरात माता आली आहे अन् हा निघाला भोपाळला.”

त्यांचा मुलगा शरच्चंद्र ट्रंकेवर बसून होता. मानेवर मागच्या बाजूला पाण्यानं भरलेले बारीक फोड. खाजवू नये म्हणून हात मांडीखाली दाबलेले. उद्यापासून नवं राज्य, त्याची कचेरी इथून भोपाळला हलणार. उद्या सकाळी हजर झाला नाही, तर त्याच्या जागी दुसरा. गाडीला जेमतेम तास उरला होता.

“माई, देवीचे फोड अंगभर येतात. ह्यांना तापसुद्धा नाही,” अंबिका हळूच म्हणाली. चार दिवस ती हेच सांगत होती. “धोब्यानं नव्या सदऱ्याच्या कॉलरला बिब्ब्याची खूण केली आहे. तो बिब्बा कातडीवर उतलाय. तीळ-खोबरं वाटून लावते, बसेल.”

“औषधाचं नाव काढू नकोस, आई कोपेल! धोबी तीस साल झाले खुणा करतोय. मोठी डॉक्टरीण!”

“निदान सदरा तरी बदलू द्या.”

“मातेत कपडे बदलतात का?”

“तुम्ही दोघी एकदाचं ठरवा!” शरच्चंद्र ओरडला.

अंबिकेनं बांगड्या वर सरकवल्या. परवा रात्रभर तिनं त्याच्याच दुसऱ्या, तशीच खूण केलेल्या नव्या सदऱ्याची कॉलर मनगटाला बांधून ठेवली होती. खूण टेकली तेवढ्याच जागी तसेच फोड आले होते.

“बघा माई. मुद्दाम लावून पाहिलं.”

माईंनी पाहिलं. त्या उठल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि सुनेच्या पायांवर डोकं ठेवलं.

“आई, हिच्याही अंगात आलीस!”

“अहो, असं काय करता? हा बिब्बा—”

“बोल आई. तू सांगशील ते करीन.”

अंबिका देव्हाऱ्याकडे बघत राहिली. पोथीचा अध्याय झाल्याशिवाय ती पाणीसुद्धा पीत नसे. देवीच्या नावानं खोटं कसं बोलायचं? तेवढ्यात स्टेशनाकडून इंजिनाची शिटी ऐकू आली.

“जाऊ दे त्याला,” ती म्हणाली. नवऱ्याचा असा एकेरी उल्लेख तिनं जन्मात केला नव्हता.

“हो आई, हो.” माई दारातून बाजूला झाल्या.

अंबिकेनं घाईघाईनं कोट काढून नवऱ्यापुढे धरला. त्यानं तो घेतला नाही.

तोही हात जोडून उभा होता.